ऐरणीच्या मागून

दिगंबर वडके, वय त्रेपन्न, तांबट आळी.
डावा कान बारा वर्षं वाहता,
आता डावा गालही उतरलेला.
चहा ओठाच्या कोपऱ्यातून सांडतो,
म्हणून रुमाल कायम मुठीत.

केसपेपरच्या पाठीवर कान काढून दाखवला:
हा हातोडा, ही ऐरण, ही रिकीब.
उरल्या अर्ध्या तोंडानं हसले.
"मॅडम, हे तर दुकानच की आमचं."
ऐरण सडलीय, मी म्हटलं,
आणि तिच्या मागूनच जाते
चेहऱ्याची नस.

तीही काढली.
कात्रजचा जुना नळ पेठांखालून यावा
तशी हाडाच्या पोटातून येते;
पहिल्या वळणावर डोळ्याच्या पाण्याचा फाटा सोडते,
रिकिबीच्या डोक्यावरून आडवी जाते,
पुन्हा वळते, खाली उतरते,
उतरता उतरता जिभेला चव देते
आणि कानामागच्या भोकातून
बाहेर, गालात.
"नळाला उसासे असायचे मधे मधे. हिला?"
असतात. काहींच्या हाडाला खिडक्या असतात,
नस उघडीच.
तुमची कशी आहे ते आत गेल्यावर कळेल.

सव्वाआठ. ड्रिल, पाणी, सक्शन.
हाड आधी पांढरं, मग निळसर, मग गुलाबी.
पंधरा वर्षं पाठ असलेली वाट,
तरी प्रत्येक कवटीत कुणीतरी
एखादा बोळ हलवून ठेवलेला.
किडीची पापुद्र्यासारखी साल ऐरणीच्या जागी.
भोसेकर सिस्टर घड्याळाकडे बघतात,
मला दिसत नाही, पण बघतात.

आदल्या संध्याकाळी, सही करताना, ते सहज म्हणाले होते,
"पत्रा पातळ झाला की ठोका वेगळा बोलतो.
तेव्हा हात आवरायचा.
डोळ्याला ते उशिरा कळतं."

आवाज बारीक झाला.
मी पेडलवरचा पाय उचलला.

अंड्याच्या कवचाएवढं हाड, ते सुईनं सोललं.
खाली ती: सुजलेली, लाल,
जाड शेवईएवढी.
एवढ्यावर अर्धा राग,
अर्धी शीळ,
एक अख्खी पापणी.

चवीची फांदी वाचली नाही.
ते तसंच लिहिलं.

पाचव्या महिन्यात आले.
पापणी मिटते. शीळ अजून नाही.
रुमाल खिशात, घडी घातलेला.
"जिभेच्या डाव्या कडेला तांब्याची चव येते."
ती माझ्यामुळे, मी म्हटलं, फांदी तुटली ना.
त्यांनी जीभ गालात फिरवून पाहिली,
डाव्या, मग उजव्या.
"छे. उजवीकडेही आहे.
ही धंद्याची."