शून्य निकाल

सोमवारी सकाळी मी आधी शून्यं वाचते.
लोकांनी शोधलं आणि आम्ही काहीच दिलं नाही,
अशा शब्दांची यादी.
बाहेर ओउलूचं बंदर गोठलेलं,
खिडकीला आतून घाम,
आणि पडद्यावर रात्रभरात साचलेले लोक :
नाव नाही, गाव नाही,
फक्त वेळ, आणि मोडकीतोडकी वाक्यं.

पंप खोकतोय
पंप रात्री रडतो सकाळी गप्प
बाहेरच्या पेटीतून धूर आग लागली का
आग लागली का
आग

धूर नव्हता तो. वाफ होती.
पंप स्वतःवरचं बर्फ वितळवतो तेव्हा सुटते ती.
त्यावर माझं पान होतं की! सहा वर्षांपूर्वीचं,
आकृतीसकट, दोनदा तपासलेलं.
मथळा : हिमविलयन चक्र, प्रकार दोन.
उणे अकरात, रात्रीच्या कपड्यांवर अंगणात उभा माणूस
काकडत्या बोटाने 'हिमविलयन' लिहील
असं मला का वाटलं होतं, कोण जाणे.

इल्पो म्हणाला, पण तुझं 'बंद करणे' हे पान बघ,
महिन्याला चार हजार भेटी!
मीही वर्षभर मिरवलं होतं ते.
मग शेजारचा रकाना पाहिला. सरासरी मुक्काम : सात सेकंद.
चार हजार माणसं चुकीच्या दारात डोकावून
निमूट मागे वळलेली,
आणि मी त्याला वर्दळ समजत होते.

मथळा बदलला.
'बाहेरच्या पेटीतून वाफ येते आहे? ही आग नव्हे.'
'धूर' हा चुकीचा शब्दही मुद्दाम ठेवला, पहिल्याच ओळीत.
घाबरलेला माणूस चुकीच्याच शब्दाने हाक मारतो,
आणि ओ द्यायची तर त्याच शब्दाला द्यावी लागते.

तीन आठवड्यांत दोनशे बारावरून नऊ.
इल्पोने वेलदोड्याचे पाव आणले.
मला घास उतरेना.
शोध थांबला म्हणजे सापडलं, की नाद सोडला?
आलेखात दोन्ही रेघा सारख्याच खाली येतात.
शेवटी जिना उतरून फोन घेणाऱ्या ताइमीकडे गेले.
ती म्हणाली, हो गं, ते आगवाले हल्ली फोन करत नाहीत.
तेव्हा कुठे पाव खाल्ला. गार झाला होता.

एक रात्र मात्र अजून माझ्यापाशी आहे.
जानेवारी, दोन वाजून पन्नास मिनिटं.

एक खोली थंड ठेवली तर चालते का
शून्य.
वापरात नसलेली खोली बंद
शून्य.
मुलाची खोली
शून्य, अर्थात.

मग काहीच नाही.

मुलगा सैन्यात गेला, दक्षिणेला शिकायला गेला,
की
त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही,
आणि नसावाच.
एका माणसाचे तीन शोध. एवढ्याने आकडा होत नाही,
बैठकीत दाखवता येत नाही.
तरी पान लिहिलं. अकरा ओळी.
झडप कुठे, किती फिरवायची.
बारा अंशांखाली जाऊ देऊ नका, भिंत ओल धरते.
दार ओढून घ्या, कुलूप नको.
आठवड्यातून एकदा आत जाऊन या.

इल्पोने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं :
ह्याला आधार काय?
म्हटलं, ओल.
त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

पानाच्या तळाशी आम्ही विचारतो, उपयोग झाला का?
ह्या पानाला महिन्याकाठी पाचसहा भेटी,
हो नाही, नाही नाही, उत्तर कुणीच देत नाही.
शून्यं वाचून झाली की मी फक्त मुक्काम पाहते :
अकरा ओळी, चार मिनिटं.
सावकाश वाचणारं असेल कुणी.
किंवा फोन टेबलावर तसाच उघडा ठेवून
मधेच उठून
आत जाऊन येत असेल.