हळू वाळणारी शाई

पापाची तिकटीच्या मागच्या बोळात,
चपलांच्या वासातून दोन पायऱ्या वर,
मुनीर शिकलगारांचं दुकान.
भिंतीवर जुन्या शिक्क्यांचे नमुने:
गुळाची अडत, तालीम मंडळ, एक दंतवैद्य,
आणि कुठल्याशा दूध संस्थेच्या चेअरमनचा गोल शिक्का,
निकालाआधीच करायला टाकलेला.
न्यायला कुणी आलंच नाही.

"कशाला पायजे?"
"कार्डासाठी. हातानं करतेय."
"कुणाचं लगीन?"
"कुणाचंच नाही."
त्यांनी पुढं विचारलं नाही, सरळ खण ओढला.

गुलाब होते, टपोरे, सगळे एकाच बाजूला कललेले.
मोर होता, पिसारा इतका बारीक कोरलेला
की शाई भरली की नुसता डाग उठणार.
हे मला कळतं.
एकतीस वर्षं शिक्के मारलेत मी,
शिक्षण विभाग, दुसरा मजला, जिन्याजवळचं टेबल.
रबरावरची उलटी अक्षरं मी सुलट वाचते.
आवक. जावक. पोच.
मूळ प्रत पाहिली.
नामंजूर.

फुलपाखरू उचललं, रद्दीवर मारून बघितलं.
धप्प.
चहाचा पेला बशीत हलला.
पंखांतून शाई चारी बाजूंना फुटली.
शिकलगार हसले नाहीत.
"बाई, हे हापीस न्हवं," म्हणाले,
"मारायचा नसतोय ह्यो. टेकवायचा.
कागदाला कळंपतोर थांबायचं,
मग सरळ वर."

मग शाया.
जांभळी नको, ती माझ्या नखांतून अजून गेलेली नाही.
लाल त्यांनी उघडली, मीच झाकण लावलं.
काळी बरी, पण काळ्यात बाराव्याची कार्डं छापतात.
एक पाण्यासारखी, चटकन वाळणारी,
हातकागदात शिरते आणि कडा सोडून पसरते.
एक घट्ट, सायीसारखी, वरच बसून राहते,
वाळायला अख्खी रात्र घेते.
"घाई हाय का?"
एकोणीस वर्षं झाली, असं तोंडाशी आलं होतं.
"नाही," म्हटलं.

शैलजा तोडकरचा अर्ज होता.
चार दिवसांची रजा. कारण : घरगुती.
साहेबांनी नुसती मान हलवली,
शिक्का माझ्या हातात होता.
पुढचा कागद. त्याच्या पुढचा.
दुपारी तिनं डबा उघडला
आणि मला मेथी वाढली, रोजच्यासारखी,
थोडी जास्तच.
जूनमध्ये तिनं बदली मागून घेतली, गडहिंग्लजला.
घरगुती म्हणजे काय होतं, ते राहिलं.
तिचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर होतं.

खणाच्या तळाशी, मूठ नसलेला, धुळीनं माखलेला,
कुठल्या खानावळीसाठी केलेला एक शिक्का:
तीन पुडांचा डबा.
"त्यो नको. कडी वाकडी झालीया, माझ्याच हातनं."
"हाच द्या."
त्यांनी जुन्या टूथब्रशनं त्याच्या खाचा साफ केल्या,
फणसाच्या लाकडाची मूठ बसवली, तिचे पैसे धरले नाहीत.
शाई दिली हिरवी, जरा काळपट,
मेथी शिजून उतरली की होते तशी.

घरी पहिले तीन बिघडले.
हात ऐकत नव्हता, मनगटच आधी खाली यायचं.
चौथ्याला श्वास धरला,
टेकवला,
थांबले.
वरचा पूड छान उठला, मधला छान,
खालचा डावीकडून थोडा पुसट.
पाचवा केला नाही.

आत काय लिहावं याचे
बाजारात तयार शिक्के मिळतात,
हार्दिक, सप्रेम, मनःपूर्वक.
मी पेन घेतलं.
कारण : घरगुती, एवढंच लिहिलं,
खाली नाव आणि नवा पत्ता,
फुलेवाडी, तिसरा स्टॉप, दळपाच्या गिरणीवर.

एप्रिलचा उकाडा होता.
तरी पंखा बंद केला,
आणि कार्ड उघडंच ठेवून
शेजारी बसून राहिले.