पुढे चौकशी करावी

डिचोलीच्या कचेरीत जुन्या नोंदींचं कपाट उघडलं
की हाताला तांबडी धूळ लागते.
खाण बंद पडली, धूळ अजून कामावर आहे.

आवडू घाडी, मये. जन्म एकोणसाठचा.
मागणी एवढीच: उतारा मिळावा,
कलेक्टरच्या दाखल्याला जोडायचा आहे.

मला पोर्तुगीज येत नाही.
कामापुरते पाच शब्द. बाप, आई, जन्म, मृत्यू, लिंग.
बाकीचं वाचायला फुर्तादो येतात, निवृत्त,
दर बुधवारी, बदल्यात पातळभाजी आणि एक उंडो.

फुर्तादोंनी ओळीवर बोट ठेवलं.
पुरुष, असं लिहून खोडलेलं.
स्त्री, असं लिहून खोडलेलं.
मग समासात, बारीक, डावीकडे कललेलं अक्षर:
पुढे चौकशी करावी.

दोन वर्षांनी लिहिणारे साहेब बोटीत बसून गेले.
चौकशी राहिली इथंच, वाळवीच्या शेजारी.

"येणंच झालं नाही कोणाचं," आवडूनं हसून चष्मा पुसला,
आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं,
तासभर हे माणूस आलो म्हणत नाही, आले म्हणत नाही.
येणं झालं. बसायला मिळालं. चहा नको होता.
सहासष्ट वर्षं क्रियापदांच्या कडेकडेनं,
खाजनाच्या बांधावरून जावं तसं,
एका अंगाला खारं पाणी, एका अंगाला भात.

"घरी तें म्हणायचे. लहान चेडूं तें, वासरू तें.
बरोबरच्या तें-ची लग्नं झाली, त्या ती झाल्या.
आपलं तेंच राहिलं."

देवळात जेवण असलं की पुरुषांची पंगत मंडपात,
बायकांची मागच्या पडवीत.
आवडूच्या हातात खतखत्याची बादली.
वाढणाऱ्या हाताला कोणी विचारत नाही
बसणार कुठं.
शेवटी टोप खरवडून, उभ्या उभ्या.

पडद्यावर तीन चौकोन. पुरुष. स्त्री. तृतीयपंथी.
"पंथ कसला गो बाय? धरला कधी?
जन्मणंच असं झालं."
मी म्हटलं, कागदाला एवढंच येतं.
"आणि पेन्शन?"
ती ह्या कागदावरून पुढे. फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी.
पणजीचा एक नंबर देते,
फोनवरच्या बाई नीट बोलतात, उचलला तर.

मग मान खाली.
"तपासणी कुठल्या खोलीत?"

आतलं सगळं नवं घातलेलं होतं.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं,
दुकानदारानं दोनदा विचारलं होतं, कोणासाठी.
सकाळी दोन वेळा आंघोळ.
हे सगळं मला कशाला सांगितलं कोण जाणे,
मी स्टेपलरमध्ये पिना भरत राहिले, भरलेल्याच.

तपासणी नाही, मी म्हटलं. तुम्ही सांगाल ते.
"कोण म्हणतं?"
कायदा.
आवडूनं फुर्तादोंकडे पाहिलं,
खात्री जुन्या सरकारकडून करून घ्यावी तसं.
ते टेबलावरचे पावाचे कण वेचत होते.

माऊसवर हात ठेवून बराच वेळ गेला.
मी खिडकीकडे तोंड केलं. ते पाहायचं नसतं.
बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

दीड वाजला. डबे उघडले.

जुन्या वहीत काही लिहायची मला परवानगी नाही,
समासात तर नाहीच.
म्हणून इथं लिहिते.
चौकशी केली.
आलेलं माणूस सगळ्यांना भाजी वाढून
अजून उभं आहे.
फुर्तादोंनी पायानं एक खुर्ची
थोडी मागे सारली आहे.