घोषित

छापखान्यात एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
नाशिकरोडला, दोन कुलपांच्या आत.
एक नोट कमी भरली तर कुणी घरी जायचं नाही.
म्हणून निवृत्तीनंतर मला गोल्फ क्लबवर
स्कोअररच्या खोलीत आणून बसवलं.
म्हणाले, तुमची बेरीज चुकत नाही.

बेरीज नाहीच चुकली.

सप्टेंबर संपत आला होता. पाऊस परत निघालेला
आणि निघता निघता उंबऱ्यात बोलत थांबलेला.
धरणातून पाणी सोडलेलं,
दुतोंड्या मारुती छातीपर्यंत गोदेत.
तीन दिवसांचा सामना. पहिला दिवस आम्ही पत्ते खेळलो.
दुसऱ्या दिवशी जळगाव सर्वबाद एकशे सत्त्याऐंशी,
आम्ही तीन बाद एकशे एकवीस,
आदिल कोकणी नाबाद एकसष्ट.
रात्री पुन्हा सर.

सकाळी खेळपट्टीवरचं आच्छादन काढलं
तर पांडवलेण्यांकडच्या टोकाला
ताटाएवढा ओला डाग.
सुकदेव पेखळेने तो अंगठ्याने दाबला.
"जेवणापर्यंत हा कुणाचं ऐकायचा नाही.
मग ऊन लागलं की गाय."
आमचा कर्णधार, हेरंब गायधनी, शेजारी उकिडवा.
त्यानेही अंगठा दाबला. पँटला पुसला.

आदिल पॅड बांधून जिन्यात उभा होता.
हेरंबने पंचांना गाठलं, मग जळगावच्या कर्णधाराला,
मग माझ्या खिडकीशी आला.
"काका, आमचा डाव घोषित."
"अरे, सहासष्टने मागे आहोत."
"माहीत आहे. तुम्हीच मोजलंत."

शब्द बघा कसा आहे.
डाव लपवून टाकायचा असतो,
पत्त्यांतला असो की कुस्तीतला.
आणि हा म्हणे घोषित.
पोरगा भर मैदानात सांगून टाकतो, हा माझा डाव,
आणि ज्यांना सांगतो
त्यांनाच त्या ओल्या डागापुढे उभं करतो.

सचिव कातकाडे चहा टाकून धावत आले.
आघाडी तरी घ्यायचीस! तीन गुण सोडलेस?
तीन गुणांनी आम्ही चौथेच राहणार होतो,
निर्णायक विजयाचे सहा हवे होते.
हेरंब हे बोलला नाही. तो क्षेत्ररचना लावत होता,
फलंदाजाभोवती पाच जण,
एकाची सावली दुसऱ्याच्या बुटावर.
जिन्यात आदिल पॅडचे पट्टे सोडत होता.
सहा पट्टे. मला मोजायची सवय आहे.

जळगाव सर्वबाद एक्याऐंशी.
काही चेंडू घोट्याशी, काही नाकासमोरून,
एक तर डागावर पडून थबकला,
पत्ता विचारायला थांबावं तसा.
मग ऊन पडलं. पेखळेची गाय झाली.
छत्तीस षटकं, एकशे अठ्ठेचाळीस हवे.

पुढचं मी भरभर सांगतो, वहीत सगळं आहे.
आदिल सदतीसवर धावबाद,
नसलेली दुसरी धाव घेताना.
नऊ बाद एकशे त्रेचाळीस. एक षटक बाकी.
समोर हेरंब, ज्याच्या हातात बॅट
लग्नात धरायला दिलेल्या छत्रीसारखी.
त्र्यंबककडून ढग आला.
पंचांनी वर पाहिलं, मग एकमेकांकडे,
मग बेल्स उचलल्या.

अनिर्णित. तीन गुण जळगावला.
पुढच्या हंगामात कर्णधार दुसरा होता.
हेरंब मला एकदा भेटला, कॉलेज रोडला, मिसळीच्या रांगेत.
त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही.
नंबर आल्यावर म्हणाला, काका, तुम्ही पुढे व्हा.

वही माझ्याकडेच आहे.
आमच्या पहिल्या डावात सहा नावांपुढे काही नाही.
नियमाप्रमाणे मी तिथे रेघ मारली आहे, पट्टी लावून.
आणि अगदी शेवटी, छत्तिसाव्या षटकाच्या चौकटीत
खिडकीतून आलेला एक थेंब पडलाय,
निळा, कडेला पसरलेला.

तो चेंडू धरता येत नाही.
मी खोडलेला नाही.