पिवळं तिकीट

कास्त्रोच्या धक्क्यावरची तिकीट-खिडकी
सात वर्षं माझ्या कोडवर चालते.
विचारते तीनच गोष्टी: नाव, बेट, वय.
वयावरून तिकिटाचा रंग.

माणसाला सांगावं, साठ ते नव्व्याण्णव,
तो मान डोलावतो.
रेजेक्सला साठ कळत नाही.
त्याला दिसतो एक सहा, शेजारी एक शून्य,
खुंटीला टांगलेल्या दोन टोप्या जशा.
जास्त-कमी त्याच्या गावीच नाही,
हातचा कुणी कधी दिलाच नाही त्याला.
म्हणून घास करून भरवायचे:
[६-९][०-९]
हे म्हातारे. पांढरं तिकीट, फुकट.
मग तेरा ते एकोणसाठ, दोन तुकड्यांत:
१[३-९]|[२-५][०-९]
शेवटी उरली पोरं, पाच ते बारा:
[५-९]|१[०-२]
पिवळं तिकीट, कोपऱ्यात पेंग्विन.

कुणाची तक्रार नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी
(वारा असा की बोट दोराला हिसके देत होती)
दोन्या एदेल्मिरा नाउएल्किन आल्या,
केउइ बेटावर परत निघालेल्या,
मागे भाचा, पाठीवर बटाट्यांचं पोतं.
खिडकीतल्या ओत्तोनिएलने वय विचारलं.
'एकशे तीन. टाक.'
यंत्रातून पिवळं तिकीट आलं.

मी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं:
एक. शून्य. तीन.
एक-शून्य मिळताच तो थांबला होता,
दहा वर्षांची पोर सापडली म्हणून खूश,
आणि तीन बाहेर, गारठ्यात.
दोन्ही टोकांना नांगर टाकायचे राहिले होते,
आणि मी बोटवाल्याची मुलगी!
दोन आकड्यांत सगळं निभावलं होतं.
रांगेत पहिल्यांदा शंभरी आली,
आणि भरली ती माझ्या कोडची.

पांढरं तिकीट घेऊन धावले.
दोन्यांनी हात पुढे केला नाही.
नखाने पेंग्विन खरवडून पाहिला, निघतो का.
'दहाव्या वर्षी वल्ही मारत आले होते इथे,' म्हणाल्या,
'तेव्हाचं देणं आहे तुमचं.'
आणि फळीवरून चढल्या, भाच्याचा हात झटकून.

संध्याकाळी नांगर टाकले, चारही ओळींना.
मग शंभराच्या पुढे कुठवर, यात अडकले.
एकशे नऊ? एकशे एकोणीस?
हद्द घालायला हात होईना.
१[०-९][०-९]
एकशे नव्व्याण्णवपर्यंत.
ओत्तोनिएल मागून वाचत होता.
'असू दे,' म्हणाला, 'बोटीत जागा असते.'