उचल

आमच्या वखारीत हजेऱ्या दोन.
संत्री निवडायची दोनशे वीस,
कॅरेट उचलायची साडेचारशे.
निवडतात बाया. उचलतात माणसं.
असंच म्हणतात इथे, माणसं,
आणि आम्हालाही त्यात काही खटकत नव्हतं.

भरलेलं कॅरेट बावीस किलो.
मुनीम जेवायला गेला होता
तेव्हा मी काट्यावर ठेवून पाहिलं.

जिम मोर्शी रोडला, ढेपीच्या जुन्या गोदामात.
भिंतींना अजून सरकीचा वास,
एका उघड्या माणसाचं पोस्टर,
त्याच्या छातीवर रोजची पाल.
बायांची वेळ दुपारी दोन ते तीन,
म्हणजे टिनं तापतात
आणि लाइन जाते तेव्हा.

विक्की सर
(खरं नाव विठ्ठल खेरडे, याचं नाक मी पुसलेलं आहे)
म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी ते गुलाबी डंबेल.
वजन कमी करायचं आहे नं?"
म्हटलं, वाढवायचं आहे.
"अंगाचं?"
दांडीवरचं.

नुसती दांडीच वीस किलो.
एक कॅरेट, दोन किलो कमी.
मला दुसरं माप येत नाही.

चक्कीवाली म्हणाली, पिशवी खाली येईन वो बाई.
पोट्टे आरशातून पाहायचे,
सरळ पाहायची हिंमत नव्हती.
नवरा काहीच बोलला नाही.
रात्री अंधारात माझा दंड दाबून पाहिला फक्त,
व्यापारी फळ दाबतो तसा,
आणि कूस बदलली.

श्रावणात नर्मदा युवनाते आली सोबत.
पातळ खोचलेलं, पाय अनवाणी.
सर म्हणाले, बूट लागतात.
तिनं तळपाय वर करून दाखवला.
पुन्हा कोणी बुटांचं नाव काढलं नाही.
हात घसरायचे, तर पुडीत चुलीची राख आणायची ती,
माझ्यापुरतीही.

कोणाला सांगून कळत नाही,
पण मधे एक क्षण येतो
तेव्हा काहीच हलत नाही,
ना दांडी, ना मी.
पाहणाऱ्याला वाटतं
बाई उगाच वाकून उभी आहे,
काही हरवलंय तिचं खाली.
आणि आत, कमरेपासून टाचांपर्यंत,
सगळं घर कामाला लागलेलं असतं.

दिवाळीच्या आधी नव्वद उचलले.
चार कॅरेटं, वर दोन किलो.
विक्की सरनं फोन काढला, म्हणाला, पुन्हा एकदा.
मी म्हटलं, झालं ते झालं.

सोमवारी मुनिमापुढे उभी राहिले.
"दिवाकरभाऊ, उचल पाहिजे."
त्यानं पाकीट काढलं. "किती? हजार?"
ती उचल नाही. ही.
आणि दोन कॅरेटं एकावर एक घेऊन
फळीवरून ट्रकात चढले.
मागून नर्मदा.

तो हसला आधी.
"बाया उचलतीन तं निवडन कोण?"
म्हटलं, शिकवतो नं तुम्हाले.
डागी इकडे, हिरवं तिकडे.
होईन तुमच्यानं, हळूहळू.

दिवसभर भरला ट्रक. गडी आधी चिडले,
मग जेवताना बाळकृष्णनं लोणचं पुढे केलं,
कांदाही फोडून दिला.

संध्याकाळी मुनिमानं हातावर तीनशे ठेवले.
"गड्याच्या पानावर बाईचं नाव कसं लिहू?
मालकाले इचारा लागते."

मी ते तीनशे काट्यावर ठेवले.
काटा हलला नाही.
नर्मदा मोठ्यानं हसली,
राखेचे हात पातळाला पुसले
आणि रिकामं कॅरेट पालथं घालून
त्याच्यावर बसली. मीही बसले.

ट्रकात चढायची अजून
चाळीस कॅरेटं बाकी होती.