बोली

सव्वीस वर्षं मी गुरांचा लिलाव पुकारतोय,
कॅन्ससात, दर गुरुवारी, पत्र्याच्या छताखाली.
मिनिटाला अडीचशे शब्द. त्यातले निम्मे आकडे,
बाकीचे नुसतं आकड्यांखालचं वाहतं पाणी.
डेलिया, माझी मुलगी, तीनशे बोलते.
तिच्या पाण्यात मासे असतात म्हणे:
अणुकरार, बंदरांचे हक्क, आर्क्टिकचा बर्फ.
डिबेटमध्ये दोन वाक्यांच्या फटीत ती श्वास ओढते
तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, पोरीला दमा झाला.
घरात आमच्या अशा दोन बोली.
माझी पैशाने चढते, तिची मुद्द्याने.

मार्चमध्ये पिकअप काढून निघालो कॉलेजं बघायला.
म्हणजे, वाद कुठे चांगला घालतात ते बघायला.
बायको म्हणाली, त्यासाठी एवढं पेट्रोल कशाला,
दोघं घरीच थांबा.

पहिल्या ठिकाणी काचेचं कपाट, भिंतभर.
चषक इतके की मागची रांग दिसत नव्हती.
चार प्रशिक्षक, विमानाची तिकिटं, स्पर्धेला हॉटेल.
हात मिळवताना संचालकांनी माझ्या बुटांकडे पाहिलं,
मी बैलाच्या खुरांकडे पाहतो तसं.
गैर काही नाही. खुरं पाहावीतच.
दुसऱ्या ठिकाणी शिष्यवृत्ती मोठी, कपाट थोडं लहान.

रात्री मोटेलमध्ये डेलियाने नाणं उडवलं.
आठ मिनिटं पहिल्याच्या बाजूने,
पाणी पिऊन आठ मिनिटं दुसऱ्याच्या.
मी पिझ्झाच्या खोक्यावर मुद्दे टिपत होतो,
होकाराला निळं पेन, नकाराला लाल, तिनंच शिकवलेलं.
मला दोन्ही वेळा पटलं.
विचारलं, आणि तुला स्वतःला?
म्हणाली, बाबा, नाणं पडेल तसं.
खोक्यावर बरीच जागा उरली होती,
पण माझ्याकडे तिसरं पेन नव्हतं.

तिसरं कॉलेज वाटेत होतं म्हणून थांबलो.
वॉन्डा प्रिडी नावाची एकटी बाई संघ चालवते,
व्हॅनही तीच चालवते, सँडविचंही तीच बांधते.
तळघरातली खोली, सोफ्याच्या तुटक्या पायाखाली
विश्वकोशाचे दोन खंड.
थुई नावाची विचिटाची मुलगी सुसाट भाषण करत होती,
मध्येच थांबली.
"पुरावा खरा आहे," म्हणाली,
"पण मी त्यातून काढतेय ते खोटं आहे."
वॉन्डाबाईंनी घड्याळ बंद केलं.
कुणी चिडलं नाही. पाच जणं तो कागद घेऊन
एका परिच्छेदाभोवती वीस मिनिटं बसली, सावकाश,
अडलेल्या गाईभोवती बसावं तशी.
डेलिया काही बोलली नाही.
पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

मला बाकी फारसं कळत नाही, एक कळतं:
हात उंच करणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मजा बघायला येतं.
ज्याला जनावर खरंच हवंय तो मागे कुंपणाला टेकून
टोपीच्या काठाला एक बोट लावतो.
ते बोट दिसणं, एवढाच माझा धंदा.

पार्किंगमध्ये तिचा हिशोब सुरू झाला.
इथे पैसे कमी, नाव त्याहून कमी,
चषक एक, तोही दार उघडं राहावं म्हणून टेकवलेला.
कर्ज इतकं होईल, स्पर्धा इतक्याच.
सगळे नकाराचे मुद्दे, आणि सगळे बरोबर.
एरवी माझी जीभ स्वस्थ बसत नाही,
पण मी एकवार म्हटलं नाही, दोनवार म्हटलं नाही.
किल्ली फिरवली.

सत्तर मैल कापसाच्या गाठीसारखी गप्प बसली.
मग खिडकीतून बाहेर बघतच विचारलं,
"बाबा, त्या मोठ्या व्हॅनचं स्टिअरिंग
जड असतं का हो?"

म्हटलं, वळताना थोडं.